आधी तपासणी, मग डॉक्टर, तारीख सगळ्यात शेवटी

फोंडा तालुक्यातल्या एका तरुणाचे पत्र आहे. वय 24, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात नोकरी. आठवीत असताना त्याची छाती वाढू लागली आणि ती तशीच राहिली. शाळेत नावे ठेवली गेली, फुटबॉल सुटला, मित्रांबरोबर पोहायला जाणे सुटले. गेल्या वर्षभरात जिमला जाऊन त्याने 9 किलो वजन उतरवले. पोट गेले, छाती गेली नाही. उलट अलीकडे डाव्या बाजूला दुखते, शर्ट घासला तरी कळ येते. वडिलांचे गुडघे धरल्यामुळे गेल्या चतुर्थीला गणपतीच्या पूजेला तो बसला. सोवळे नेसून उघड्या अंगाने बसला असताना एका काकांनी सगळ्यांदेखत छातीवरून शेरा मारला. यंदाच्या चतुर्थीच्या आत ऑपरेशन उरकायचे, असे त्याने ठरवले आहे. इंटरनेटवर फॉर्म भरल्यावर एका कंपनीतून फोन आला: 55 हजारांत सगळे, व्रण दिसणार नाही, संध्याकाळी घरी, रविवारपर्यंत बुकिंग केले तर सूट. घरी "ट्रेनिंगसाठी पुण्याला चाललोय" असे सांगून एकट्यानेच जायचा त्याचा विचार आहे. या लोकांवर विश्वास ठेवू का, चांगला सर्जन कसा ओळखू आणि तयारी काय करू, असे तो विचारतो. जाता जाता त्याने दोन गोष्टी लिहिल्या आहेत. जिमच्या ट्रेनरने टॅमॉक्सिफेनची गोळी सुचवली आहे, ती अजून घेतलेली नाही. आणि केस गळतात म्हणून वर्षभर फिनास्टराइड चालू आहे.

काकांनी जे केले ते वाईट केले, हे आधी लिहून टाकते. देवापुढे बसलेल्या पोराच्या अंगावरून भर घरात बोलायचे आणि बाकीच्यांनी हसायचे, याला थट्टा म्हणत नाहीत. सैल शर्ट, पुढे ओढलेले खांदे, मे महिन्यातही आत गंजी, असे तू दहा-अकरा वर्षे काढली आहेस. "जसा आहेस तसा स्वतःला आवडून घे" एवढे सांगून तुझी बोळवण करणारे पुष्कळ भेटतील. मी फॅमिली डॉक्टर आहे, आणि मला ती बोळवण पटत नाही. पुरुषाची छाती अशी वाढण्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. हा प्रकार आम्हा डॉक्टरांना नीट ठाऊक आहे, आणि योग्य माणसाचे योग्य वेळी केले तर त्याचे ऑपरेशन चांगले होते. ते करून घ्यावेसे वाटण्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण तुझ्या पत्रात सगळा क्रम उलटा लागला आहे. आधी तारीख ठरली, ती चतुर्थीने ठरवली. मग भाव ठरला, तो फोनवरच्या माणसाने सांगितला. सर्जन कोण, हे अजून कळलेले नाही. आणि छातीत नेमके काय वाढले आहे, का वाढले आहे, हे तर कुणी हात लावून पाहिलेलेच नाही. हा क्रम सरळ करण्यासाठीच हे एवढे लांब उत्तर लिहिते आहे.

सुरुवात तुझ्या त्या केसांच्या गोळीपासून करू. पत्रात तिला तू अर्धी ओळ दिलीस, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. फिनास्टराइड टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होणे अडवते, म्हणून केस तगतात. पण त्याने पुरुषी आणि स्त्री हार्मोन्सचा तोल थोडा सरकतो आणि काही पुरुषांची छाती वाढते किंवा दुखू लागते. औषधाच्या पाकिटात घडी करून ठेवलेल्या कागदावर हे लिहिलेले असते, आणि असे काही जाणवले तर डॉक्टरांना लगेच सांगा, असेही. तू औषधांच्या कारखान्यात काम करतोस, तो कागद वाचणे तुला जड नाही. आठवीत वाढलेली छाती या गोळीने वाढलेली नाही, हे खरेच. पण अलीकडचे दुखणे तिच्यामुळे असू शकते. दुखरी छाती म्हणजे आतली ग्रंथी अजून शांत झालेली नाही. अशा वेळी ऑपरेशन केले आणि कारण तसेच चालू राहिले, तर मागे राहिलेला भाग पुन्हा वाढू शकतो. मग 55 हजारही गेले आणि छातीही तिथेच. ज्या त्वचारोगतज्ज्ञांनी गोळी दिली त्यांना आधी भेट आणि छाती दुखते हे स्पष्ट शब्दांत सांग. गोळी थांबवून काही महिने वाट पाहायला ते सांगतील, असा माझा अंदाज आहे. केसांसाठी दुसरे उपाय आहेत.

ट्रेनरने सुचवलेली गोळी घेतली नाहीस, फार चांगले केलेस. टॅमॉक्सिफेन हे मुळात स्तनाच्या कर्करोगाचे औषध. छाती नुकतीच वाढू लागली असेल आणि दुखत असेल, तर डॉक्टर कधीकधी ते काही महिने देतात, पण लक्ष ठेवून, कारण त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. वर्षानुवर्षे राहून निबर झालेली ग्रंथी कुठल्याच गोळीने विरघळत नाही. जिममध्ये कधी इंजेक्शन घेतले असशील, किंवा नाव नसलेल्या डब्यातली पावडर खाल्ली असशील, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नकोस. बाहेरून घेतलेले स्टेरॉइड हे छाती वाढण्याचे नेहमी दिसणारे कारण आहे.

आता छातीत काय आहे ते. पुरुषाची छाती दोन गोष्टींनी भरते: चरबीने आणि ग्रंथीने. उताणे पडून अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन्ही कडांवर ठेवायची आणि हळूहळू बोंडाच्या दिशेने आणायची. चरबी असेल तर बोटे अडत नाहीत, थेट बोंडापर्यंत जातात. ग्रंथी असेल तर बोंडाखाली रबरी, हलणारी चकती हाताला लागते. बहुतेकांत दोन्हीही थोडेफार असते. तुझे 9 किलो उतरले आणि छाती तशीच राहिली, त्यावरून ग्रंथीच जास्त असावी असे वाटते. पण हे डॉक्टरांनी हाताने तपासूनच ठरवायचे. फोनवर किंवा फोटो पाहून ते ठरत नाही. "लायपोसक्शनने होऊन जाईल" असे न तपासता सांगणाऱ्याने नुसती चरबी ओढून काढली आणि ग्रंथी आत राहिली, तर बोंडाखाली ते टेंगूळ पहिल्यापेक्षा जास्त उठून दिसते.

तपासणीत डॉक्टर वृषणेही तपासतील. तिथे हाफ पँट घट्ट धरून बसू नकोस. वृषणात गाठ असेल तर कधीकधी तिचे पहिले लक्षण छाती वाढणे हेच असते, आणि अशी गाठ तुझ्याच वयात जास्त आढळते. रक्ताच्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्राडायोल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, बीटा एचसीजी, यकृत आणि मूत्रपिंड असे सगळे किंवा त्यातले काही लिहून देतील. लागलीच तर सोनोग्राफी. या सगळ्याचा कंटाळा करू नकोस. बहुतेक वेळा रिपोर्ट नॉर्मल येतात आणि मग निश्चिंत मनाने पुढे जाता येते. रिपोर्टमध्ये काही निघाले, तर आधी त्याचा इलाज, छातीचे नंतर बघू. दारू नेमाने घेत असशील किंवा गांजा ओढत असशील तर तेही सांग, दोन्हींचा छातीशी संबंध जोडला गेला आहे.

सर्जन निवडताना पाटी बघू नकोस, पदवी बघ. "कॉस्मेटिक सर्जन" ही पदवी नाही. प्लास्टिक सर्जरीची पदवी म्हणजे एमबीबीएस, त्यानंतर जनरल सर्जरीची एमएस आणि त्यानंतर एमसीएच, किंवा तिच्या तोडीची डीआरएनबी. जनरल सर्जनही छातीची ग्रंथी काढतात आणि काही जण उत्तम काढतात, त्यांना मी बाद करत नाही. पण छातीला आकार देणे हा तुझा मुख्य हेतू आहे, आणि ते शिक्षण प्लास्टिक सर्जरीत मिळते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नकोस. नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव टाकून नोंद पाहता येते, गोव्यात नोंदणी गोवा मेडिकल कौन्सिल करते. पाहायला पाच मिनिटे लागतात.

मग प्रत्यक्ष भेट. सर्जनने स्वतः तपासले पाहिजे. काउन्सेलर म्हणून बसलेल्या माणसाने वहीत आकडा लिहून दिला, तर उठून ये. ग्रंथी काढणार की चरबी की दोन्ही, छेद कुठे घेणार, असे विचार. नेहमी छेद बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेवर घेतात, चरबीसाठी बाजूला बारीक भोके पाडतात. तिथला व्रण कालांतराने पुसट होतो, वर्तुळाच्या कडेत लपतो, पण असतो. "व्रण राहणारच नाही" असे म्हणणारा एक तर तुझ्याशी खोटे बोलतो आहे किंवा स्वतः ऑपरेशन करणारा नाही. बोंडाखाली ग्रंथीचा पातळ थर मागे ठेवणार का, हेही विचार. सगळीच कोरून काढली तर मध्ये खळगा पडतो, आणि तो खळगा भरून आणणे हे मूळच्या ऑपरेशनपेक्षा अवघड काम आहे. त्यांच्या स्वतःच्या रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे फोटो बघ, पण त्यात हात खाली आहेत का, उजेड तोच आहे का, आणि नंतरचा फोटो सहा महिन्यांनंतरचा आहे का, हे बघ. हात वर उचलून काढलेल्या फोटोत कुणाचीही छाती सपाट दिसते.

माझ्या मते खरा सर्जन ओळखायचा तो एका प्रश्नावरून: "काही बिघडले तर काय?" ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत आत रक्त साचणे ही सगळ्यात महत्त्वाची गुंतागुंत. पुढे पाणी साचणे, जंतुसंसर्ग, दोन्ही बाजू सारख्या न होणे, बोंडाची संवेदना काही काळ किंवा कायमची कमी होणे, व्रण जाड होणे. हे सगळे शांतपणे, न विचारता सांगणारा डॉक्टर मला हवासा वाटतो. "आमच्याकडे असे होत नाही" म्हणणारा नको. रात्री दोन वाजता एक बाजू फुगली तर फोन कोण उचलणार, मला परत थिएटरमध्ये कोण नेणार, भूल देणारे डॉक्टर कोण, ऑपरेशन संपेपर्यंत ते तिथेच असतात का, पुन्हा दुरुस्ती लागली तर खर्च कुणाचा, हे लिहून ने आणि वाचून विचार. कागद बघून विचारले म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

तुझ्या त्या फोनवरच्या कंपनीबद्दल आता तुलाच उत्तर सापडले असेल. त्यांनी सर्जनचे नाव सांगितलेले नाही, तपासलेले नाही, आणि रविवारची मुदत घातली आहे. तुझी छाती दहा वर्षे थांबली आहे, ती येत्या रविवारी कुठे पळत नाही. पैसे भरू नकोस. हप्त्यांवर कर्ज देऊ म्हणतील, तेही घेऊ नकोस.

कुठे करायचे, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. काहीही मोठे निघाले की गोव्याचा माणूस बेळगाव किंवा मुंबईची वाट धरतो. चांगले डॉक्टर तिथेही आहेत, इथेही आहेत. मी तुझ्या जागी असते तर पहिला सल्ला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या प्लास्टिक सर्जरी विभागात घेतला असता. ओपीडीचे दिवस आधी विचारून घे, सकाळी लवकर जा, केसपेपर काढ. गर्दी असेल, थांबावे लागेल, कदाचित शिकाऊ डॉक्टर आधी तपासतील. पण तिथे तुला काही विकायचे म्हणून कुणी बसलेले नाही, हा फार मोठा फायदा आहे. दुसरा सल्ला पणजी, मडगाव किंवा म्हापशाच्या एखाद्या खासगी सर्जनचा घे. दोघांनी एकच सांगितले तर मन ठरते. वेगळे सांगितले तर "का" हे दोघांनाही विचार. एवढे करूनही बाहेर जायचे ठरले, तर निदान पहिले चार-पाच दिवस तिथेच राहायची सोय कर. घट्ट बांधलेली छाती घेऊन पावसाळ्यात चोर्ल्याच्या घाटातून बसने परत यायचे, आणि घरी पोहोचल्यावर एक बाजू फुगायची, असे होऊ द्यायचे नाही.

पैशांचे थोडक्यात. सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी आरोग्य विम्यात सर्वसाधारणपणे वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती किंवा आरोग्याला थेट धोका असल्याने करावी लागणारी शस्त्रक्रिया एवढाच अपवाद असतो, आणि तसे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते. म्हणून कंपनीचा विमा आहे या भरवशावर राहू नकोस, आधी लेखी विचार. घरात गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ते घेऊन बांबोळीला चौकशी कर. खासगी ठिकाणी सांगितलेल्या आकड्यात भूल, थिएटर, रक्ताच्या तपासण्या, ऑपरेशननंतर छातीवर घालायचे घट्ट जाकीट, काढलेल्या भागाची बायोप्सी आणि नंतरच्या भेटी धरल्या आहेत का, हे कागदावर घे. बायोप्सी टाळू देऊ नकोस. त्या तपासणीला पैसे फारसे पडत नाहीत आणि मनातली शंका कायमची जाते.

तयारीला लाग ती वजनापासून. वजन काही महिने स्थिर असले पाहिजे. उतरत असताना ऑपरेशन केले तर कातडी सैल पडते, नंतर परत चढले तर चरबी परत भरते. सिगारेट ओढत असशील तर किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि बोंडाच्या कातडीला रक्त कमी पडते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, आयुर्वेदिक किंवा जिमचे कुठलेही चूर्ण, यांची पूर्ण यादी भूल देणाऱ्या डॉक्टरांना दे आणि कधी थांबवायचे ते त्यांच्याकडून घे. स्वतःच्या मनाने नेहमीचे औषध बंद करू नकोस. छातीवरचे केस घरी ब्लेडने काढू नकोस. ब्लेडने कातडीला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि तिथून जंतू आत जातात. गरज असेल तर रुग्णालयातच मशीनने केस बारीक करतील. उपाशी राहण्याच्या वेळा ते सांगतील. साधारणपणे हलके खाणे सहा तास आधी बंद आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण तुला जे सांगतील तेच अखेरचे. अंगात जानवे असेल तर ते थिएटरमध्ये काढावे लागेल. भटजींना विचारून नवे घाल, त्यात कुणाचे काही बिघडत नाही.

घरची तयारी वेगळीच असते. काही दिवस हात खांद्याच्या वर जाणार नाहीत, म्हणून पुढून बटणांचे शर्ट काढून ठेव, ब्रश, तेल, ताट, चार्जर सगळे कमरेच्या उंचीवर आण. उताणे, पाठीमागे दोन उशा घेऊन झोपायची सवय आधीच कर. ते घट्ट जाकीट साधारण चार ते सहा आठवडे, पहिले काही दिवस तर दिवसरात्र घालावे लागते. आपल्या हवेत तेच सगळ्यात त्रासाचे. निदान दोन जाकिटे घे, म्हणजे एक धुता येते, आणि पावसात ते वाळता वाळत नाही म्हणून पंख्याखाली टाकायची सोय ठेव. आत पातळ सुती कापड घालायला डॉक्टरांनी परवानगी दिली तर घामोळे कमी येते. जखमेजवळ पावडर नको. म्हणूनच माझे मत असे की सगळे रिपोर्ट आल्यावर डिसेंबर-जानेवारी बघ. हवा कोरडी असते, अंगाला सोसते. चतुर्थीला आता दोन महिनेही उरलेले नाहीत. गोळी थांबवून वाट पाहायची, तपासण्या करायच्या, दोन सल्ले घ्यायचे, हे त्यात बसत नाही. आणि समज, बसवलेच, तरी पूजेच्या दिवशी तू सुजलेल्या, निळसर पडलेल्या छातीवर जाकीट चढवून बसला असशील, आणि ते काकांना पहिले दिसेल.

यंदा उपरणे दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन बस. भटजींना आदल्या दिवशी सांगून ठेव, ते काही हरकत घेणार नाहीत. आणि काकांशी तुझ्या वडिलांनी बोलावे, चतुर्थीच्या आधी, एकटे गाठून.

ऑपरेशननंतरचे थोडे आधीच माहीत असू दे. टेबलावर बसून काम असेल तर बरेच जण आठवड्याभरात कामावर जातात. तुला ड्रम किंवा खोकी उचलावी लागत असतील तर सुपरवायझरला आधी सांग. फोंड्याहून वेर्ण्याला तू स्कूटरने जात असणार, तर निदान दोन आठवडे ती चालवू नकोस. प्रत्येक गतिरोधकावर हँडल छातीला ओढ देते. वजने उचलणे आणि पोहणे दीड महिना तरी नाही. सूज खाली पोटाकडे उतरते, निळे-पिवळे डाग पडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आत कडक गोळे लागतात आणि वाटते की सगळे फुकट गेले. तेव्हा आरशासमोर रोज उभा राहू नकोस. आकार सहा महिन्यांनी बघायचा, व्रण वर्षाने. मात्र एक बाजू एकाएकी फुगली, ताणली गेली, दुखणे वाढतच गेले, तर सकाळची वाट न पाहता सर्जनला फोन. ताप, लालसरपणा, पू यांसाठीही तसेच. पोटरी दुखून दम लागला तर थेट 108.

आता घरी खोटे सांगून एकट्याने जाण्याबद्दल. तू सज्ञान आहेस, संमतीवर सही तुझी तूच करू शकतोस. पण भूल उतरत असताना, मळमळ होत असताना, जखमेत रक्त साचू नये म्हणून नळी ठेवली असेल तर रात्री तिच्यातले रक्त बघायला जवळ माणूस लागतो, आणि रुग्णालयेही तो मागतात. शिवाय ते घट्ट जाकीट महिनाभर कुठे वाळत घालणार आहेस? आईपासून ते लपत नाही. आईला सांग. फार प्रस्तावना नको. "आई, मला आठवीपासून छातीचा त्रास आहे, हा आजार आहे, याला डॉक्टर आहेत, मी बांबोळीला दाखवायला चाललो आहे, तू ये" एवढे पुरे. ती कदाचित म्हणेल की वजन कमी झाले की जाईल. तेव्हा तिला सोबत ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. आई नकोच असेल तर एक भाऊ, एक मित्र, पण एक माणूस पाहिजे.

आणि तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "छाती सपाट झाली की मी माणसांत येईन." त्यावर मी बराच वेळ थांबले. छाती सपाट होईल. पण पुढे ओढलेले खांदे, कुणी हसले की ते आपल्यालाच असे वाटणे, हे सर्जनच्या हातात नाही. ते सुटायला वेळ लागतो आणि कधी मदतही लागते. बाहेर जाणे पूर्ण टाळत असशील, दिवसातून कितीतरी वेळा छाती चाचपत असशील, झोप उडाली असेल, तर ऑपरेशनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेट. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तिथे फोन करून बोलता येते. ऑपरेशन करण्याच्या विरुद्ध हे नाही. दोन्ही सोबत चालू शकतात. डिसेंबरपर्यंतचे हे महिने फुकट घालवू नकोस. संध्याकाळी मैदानावर जा, शर्ट घालून का होईना, खेळ.

याच विषयावर आणखी पत्रे आली आहेत, त्यांनाही इथेच उत्तर देते. डिचोलीच्या एका वडिलांनी चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिले आहे. या वयात बऱ्याच मुलांची छाती वाढते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसते. त्याला एकदा डॉक्टरांना दाखवा, पण ऑपरेशनची घाई करू नका, आणि घरात कुणालाही त्यावरून बोलू देऊ नका. शाळेत पी.टी.च्या तासाला तो का बसून राहतो, हे वर्गशिक्षकांना सांगितले तर बरे. पेडण्याच्या साठीतल्या एका वाचकांची छाती वर्षभरात वाढली आहे, आणि त्यांना हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे. या औषधाने असे होते हे माहीत आहे, त्याला पर्यायही आहेत. गोळी स्वतः बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना सांगा. आणि कुठल्याही वयात, एकाच बाजूला, बोंडापासून बाजूला सरकलेली, दगडासारखी कडक गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आले किंवा काखेत गाठ आली, तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. पुरुषांना स्तनाचा कर्करोग क्वचित होतो, पण होतो, आणि लाजेपायी बरेच पुरुष उशिरा येतात.